उंचीचा रकाना

शाल्मली, तुझा पहिला डबा
सात जणांना सापडला नाही
आणि तू फोनवर हसत होतीस.
हसू नकोस.
त्याला लपवणं म्हणत नाहीत, ते नुसतं हरवणं.
हरवायला अक्कल लागत नाही,
मी रोज चष्मा हरवतो.

शियाबागेत आमच्या लपंडावात
अज्या दिघे एकदा असा लपला
की सगळे जेवायला घरी गेले.
अंधार पडल्यावर स्वतःच बाहेर आला, रडत.
चांगला लपणारा
कोपर थोडं बाहेर ठेवतो.

बाकी ज्याच्यावर डाव, त्याच्यावर राज्य.
बडोद्यातल्या मराठी माणसाला
एवढं एकच राज्य आता परत मिळू शकतं:
भिंतीकडे तोंड करून
शंभर मोजायचं.

डबी औषधाची घे, फिरकीच्या झाकणाची.
आत सायकलच्या ट्यूबची चकती बसव.
दांडिया बाजारातला पंक्चरवाला फुकट देतो,
पण त्याला चहा पाज.
वहीबरोबर पेन्सिल. पेन नको,
शाई मे महिन्यात सुकते, जुलैत पसरते.
खाऊ ठेवू नकोस;
खारीला अक्षांश कळत नाहीत, वास कळतो.
खणू नकोस. खिळा तर मारूच नकोस,
वडाला मुळातच इतके खिसे असतात.
कोर्टाच्या पायरीशी नको, रेल्वेपुलाखाली नको.
मी ठेवला होता एकदा.
पोलिसांच्या कुत्र्याने ऐंशी सेकंदांत शोधला,
वहीत सही मात्र केली नाही.
आणि विश्वामित्रीच्या काठावर कुणालाच नेऊ नकोस.
तिथे आधीच कुणीतरी उत्तम लपलेलं असतं,
डोळे तेवढे पाण्यावर.

दुसऱ्याचा सापडला तर ओरडायचं नाही.
बुटाची नाडी बांधायची.
बाकावरचं जोडपं उठेपर्यंत थांबायचं.
ते उठत नाही. उद्या यायचं.
काही घेतलंस तर तोलामोलाचं ठेव.
माझ्या डब्यातलं पितळी बटण नेऊन
कुणीतरी शेव-उसळीचं बिल ठेवलं,
त्याला मी अजून माफ केलेलं नाही.
आणि नाही सापडला तर तसं लिहायचं,
लाजायचं नाही.
माझ्या आजवरच्या नोंदींत सगळ्यांत आवडती
विरल अमीनची:
‘डबा नाही मिळाला. खंड्या दिसला.’

पूर ओसरल्यावर मी कामाटीबागेत गेलो.
मुळांशी गाळ, एक डावी चप्पल,
डबा नाही.
नवा घेऊन गेलो पुढच्या रविवारी.
वाकलो, नाडी बांधली,
उठताना आधाराला म्हणून वर हात टाकला
तर फांदीच्या बेचक्यात
माझाच डबा.
पुसलेला. आतली पानं सुकवून पापडासारखी,
कडांना कपड्यांच्या चिमट्यांचे वळ.
शेवटच्या पानावर गुजराती अक्षरांत,
पेन्सिल दाबून दाबून:
‘पाणी आव्युं’तुं. ऊंचे मूक्युं छे.
भीखाभाई, माळी.’

त्याला या खेळाचा एकही नियम
कुणी सांगितला नव्हता.
बटणाच्या जागी त्याने ठेवलं होतं
झेंडूचं बी, पुडीत.

आमच्या फॉर्ममध्ये अक्षांश आहे, रेखांश आहे,
उंचीचा रकानाच नाही.
मी काही बदललं नाही.
लोक येतात, फोनकडे बघत वाकतात,
मुळं चाचपतात.
मी समोर शेंगा सोलत बसतो.
वर बघा, असं अगदी ओठांवर येतं.
बोलत नाही.
फक्त झाकणाची लाल कड
पानांतून दिसेल एवढी फिरवून ठेवली आहे.

शनिवारी ये. तुझाही डबा बरोबर आण,
त्या सात जणांचं काहीतरी करायला हवं.